रक्तातील वारसा : वाटाण्याच्या वाफ्यापासून बॉम्बे रक्तगटापर्यंत

(भाषणाचा मजकूर)



घरात मूल जन्माला आले की पहिला गोड वाद नाकावरून होतो. आजी म्हणते, नाक आमच्याकडचे. आत्या म्हणते, छे, हे तर थेट दादांचे. बारशापर्यंत कपाळ, डोळे, हाताची बोटे यांची दोन्ही घराण्यांत रीतसर वाटणी होऊन जाते. 'खाण तशी माती' ही म्हण आपल्याकडे याच अनुभवातून रूढ झाली असावी.

परंतु कधी कधी त्याच घरात दुसराही प्रसंग येतो. आईवडील दोघेही धडधाकट, दोन्ही घराणी सुखवस्तू. आणि बाळ मात्र सहा-आठ महिन्यांचे होता होता पांढरेफटक पडू लागते, दूध घेईनासे होते, त्याचे पोट फुगू लागते. तपासण्या होतात आणि डॉक्टर सांगतात की आजार जन्मजात आहे, आई आणि वडील या दोघांकडून मिळून आला आहे. घरची वडीलधारी मंडळी संतापून म्हणतात, "आमच्या सात पिढ्यांत हा आजार कोणाला नाही!" वडीलधाऱ्यांचे म्हणणे खरे असते आणि डॉक्टरांचेही खरे असते. एकाच वेळी ही दोन्ही विधाने खरी कशी ठरतात, हे समजून घेणे हाच आजच्या विषयाचा गाभा आहे.

या प्रश्नाचे उत्तर प्रथम सापडले ते युरोपात, तत्कालीन ऑस्ट्रियन साम्राज्यातील मोराविया प्रांताच्या ब्रनो या नगरीत. कापडाच्या व्यवसायाशी संबंध असणाऱ्यांना या गावाबद्दल कुतूहल वाटावे अशी एक गोष्ट आहे. ब्रनो ही त्या काळी लोकरी कापडाची मोठी पेठ होती. चांगली लोकर हवी तर चांगली मेंढी हवी, म्हणून तेथील मेंढपाळ-जमीनदारांची एक संस्था जातिवंत मेंढ्यांच्या पैदाशीवर चर्चा करीत असे. त्या चर्चेत तेथील सेंट थॉमस मठाचे मठाधिपती नाप्प हेही भाग घेत. १८३६-३७ च्या सुमारास त्यांनी असा मुद्दा मांडला की पैदास कशी करावी यावर वाद घालण्यापेक्षा, पिढीकडून पिढीकडे नेमके काय जाते आणि ते कसे जाते, हा खरा प्रश्न आहे. पुढे १८४३ साली याच मठात एका गरीब शेतकऱ्याचा मुलगा दाखल झाला. त्याचे नाव ग्रेगोर मेंडेल. शिक्षकाची परीक्षा त्याला दोनदा देऊनही साधली नाही. मात्र ज्या मठाधिपतींनी तो प्रश्न विचारला होता, त्यांच्याच आश्रयाने त्याने त्याचे उत्तर शोधले.

त्या काळी सर्वसाधारण समज असा होता की आईचे व बापाचे गुण एकमेकांत मिसळून जातात. रंगाच्या हौदात निळा व पिवळा रंग ओतला की हिरवा तयार होतो आणि मग त्यातून निळा पुन्हा वेगळा काढता येत नाही, तसेच काहीसे. मेंडेलने दाखवून दिले की वारसा हा हौदातील रंगासारखा नसून विणलेल्या कापडातील धाग्यांसारखा आहे. ताणा आणि बाणा एकत्र विणले गेले तरी प्रत्येक धागा आपल्या जागी अखंड राहतो. वरून एखादा धागा दिसत नाही, एवढ्यावरून तो कापडात नाही असे म्हणता येत नाही.

मेंडेलने वाटाण्याचे झाड निवडले, कारण वाटाण्याचे फूल स्वतःच स्वतःचे परागीभवन करते आणि हवे तेव्हा चिमटा व कुंचला घेऊन त्याचा हवा तसा संकर घडवून आणता येतो. १८५६ पासून १८६३ पर्यंत, म्हणजे तब्बल आठ वर्षे, हे काम मठाच्या बागेत चालले. त्याने गोल दाणे आणि सुरकुतलेले दाणे असणाऱ्या दोन शुद्ध वाणांचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल निघाले. सुरकुती जणू नाहीशी झाली. या गोल दाण्यांपासून आलेल्या झाडांना आपापसांतच फळू दिल्यावर दुसऱ्या पिढीत ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० दाणे सुरकुतलेले मिळाले. पिवळ्या व हिरव्या दाण्यांचा प्रयोग केला, तर ६,०२२ पिवळे आणि २,००१ हिरवे मिळाले. दोन्ही ठिकाणी प्रमाण जवळजवळ तीनास एक. वनस्पतीशास्त्रज्ञ तोवर झाडांची वर्णने लिहीत होते. या धर्मगुरूने मात्र वाण्याच्या चिकाटीने एकेक दाणा मोजून वहीत मांडला, हे त्याचे वेगळेपण होय.

तीनास एक या प्रमाणाचा अर्थ असा. प्रत्येक गुणासाठी झाडात दोन घटक असतात, एक मातेकडून आलेला आणि एक पित्याकडून. दोघांत एक प्रभावी व दुसरा अप्रभावी असला तर डोळ्यांना प्रभावी तेवढा दिसतो. दुसरा मागे दडून बसतो, पण नष्ट होत नाही. पुढच्या पिढीला प्रत्येक पालक आपल्या दोहोंपैकी कोणताही एकच घटक देतो, आणि कोणता ते नाणेफेकीसारखे ठरते. दोन्ही पालकांत सुरकुतीचा दडलेला घटक असेल, तर चार शक्यतांपैकी एकीत दोन दडलेले घटक एकत्र येतात आणि नाहीशी झालेली सुरकुती पुन्हा उघड होते. सात पिढ्यांचे कोडे येथेच सुटते. मागील पिढ्यांत आजार नव्हता, आजाराचा दडलेला घटक होता.

मेंडेलने आपले निष्कर्ष १८६५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळासमोर वाचून दाखवले व पुढील वर्षी ते छापले गेले. कोणी विशेष दखल घेतली नाही. तो स्वतः १८६८ साली मठाधिपती झाला आणि त्याची उत्तरायुष्याची बरीच शक्ती मठावरील करासंबंधी सरकारशी चाललेल्या वादात खर्ची पडली. विश्वस्तपदाचा भार वाहिलेल्यांना यातील व्यथा वेगळी सांगायला नको! १८८४ साली तो निवर्तला. १९०० मध्ये तीन शास्त्रज्ञांना स्वतंत्रपणे त्याच नियमांचा पुनःशोध लागला, आणि मग जगाला जुना निबंध आठवला.

मेंडेलच्या 'घटका'ला पुढे 'जीन', आपल्या भाषेत 'जनुक', हे नाव १९०९ मध्ये मिळाले. ही जनुके पेशीच्या केंद्रकातील गुणसूत्रांवर असतात. माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असून प्रत्येक जोडीतील एक मातेकडून व एक पित्याकडून येते. त्यांतील एक जोडी लिंग ठरवणारी आहे. स्त्रीजवळ दोन्ही एक्स असतात. पुरुषाजवळ एक एक्स आणि एक वाय. माता प्रत्येक अपत्याला एक्सच देते, कारण तिच्यापाशी दुसरे काही नसतेच. एक्स द्यायचे की वाय, हा भाग सर्वस्वी पित्याकडील आहे. तरीसुद्धा मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणारी घरे आजही आहेत, शिकलेल्यांतही आहेत. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली आपल्याच राज्याला करावा लागला, यातच सर्व काही आले.

आता रक्ताकडे वळू. समाजात रक्तदान शिबिरे नेमाने होतात, ओळखपत्रावर रक्तगट लिहिलेला असतो; पण तो रक्तगट म्हणजे मेंडेलच्या नियमाचे आपल्या नसांतून वाहणारे उदाहरण आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला व त्याबद्दल त्यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. या गटांचे जनुक तीन प्रकारचे: ए, बी आणि ओ. ए व बी दोन्ही प्रभावी; एकत्र आले तर दोन्ही दिसतात आणि रक्तगट एबी होतो. ओ अप्रभावी. म्हणून 'ए' गटाचे वडील आणि 'बी' गटाची आई यांच्या पोटी 'ओ' गटाचे मूल जन्मू शकते, कारण दोघांकडेही ओ दडलेला असू शकतो. त्याचप्रमाणे आरएच पॉझिटिव्ह दांपत्याला आरएच निगेटिव्ह अपत्य होऊ शकते. यात संशयाला काडीचीही जागा नाही. मात्र पालकांपैकी एकाचा गट 'एबी' असेल, तर त्याच्याजवळ द्यायला ओ नसतोच. तेव्हा मूल सहसा 'ओ' असू नये.

'सहसा' हा शब्द येथे मुद्दाम घातला आहे, आणि त्याचे कारण मुंबईत सापडले. १९५२ साली मुंबईतील डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांचे सहकारी डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया यांना असे रक्त आढळले की तपासणीत ते 'ओ' असल्याचे दिसे, परंतु त्याला 'ओ' गटाचे रक्तही जुळेना. कोणाचेच जुळेना. इंग्लंडमधील तज्ज्ञांच्या सहकार्याने त्याचा अभ्यास होऊन 'लॅन्सेट' या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला आणि जगाच्या वैद्यकग्रंथांत 'बॉम्बे रक्तगट' असे नाव कायम झाले. शहराचे नाव पुढे मुंबई झाले. रक्तगट मात्र अजून बॉम्बेच आहे.

त्याचे रहस्य असे. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर 'एच' नावाच्या एका पदार्थाचा थर असतो. ए किंवा बी जनुकाचे काम म्हणजे त्या थरावर आपापली शर्करेची खूण उमटवणे. ओ जनुक काहीच उमटवत नाही, म्हणून ओ गटात नुसता एच उरतो. आता एच तयार करणारे जनुक वेगळेच आहे, वेगळ्या गुणसूत्रावर आहे. त्याचे दोन्ही घटक नादुरुस्त असले तर एच तयारच होत नाही. कोरे कापडच नाही, तर छाप उमटणार कशावर? अशा माणसाजवळ ए किंवा बी जनुक असले तरी ते निरुपयोगी ठरते आणि साध्या तपासणीत त्याचे रक्त 'ओ' दिसते. शिवाय त्याच्या रक्तद्रवात एचविरोधी प्रतिपिंडे असतात. म्हणून 'ओ' गटाचे रक्तही त्याला घातक ठरते; बॉम्बे गटाच्या माणसाला बॉम्बे गटाचेच रक्त चालते. भारतात अशी व्यक्ती साधारणतः दहा हजारांत एक आढळते, तर युरोपात दहा लाखांत एक.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, कुटुंबाच्या अब्रूची. एबी गटाच्या पित्याला 'ओ' दिसणारे मूल झाले, की हल्ली इंटरनेटवर तक्ता पाहून कोणीतरी भुवई उंचावतो. ते मूल बॉम्बे गटाचे असू शकते. तसेच, बॉम्बे गटाच्या 'ओ' दिसणाऱ्या मातेच्या अंगात दडलेले ए जनुक तिच्या मुलात, पित्याकडून एच मिळताच, पुन्हा प्रकट होऊ शकते. नाहक संशयाने एखाद्या सुनेचे आयुष्य उद्ध्वस्त करण्यापूर्वी एचविरोधी द्रावाची एक साधी चाचणी करून घेणे, एवढेच हाती असते. दुसरी गोष्ट जीव वाचवण्याची. हा गुण अप्रभावी असल्यामुळे बॉम्बे गटाच्या व्यक्तीचे जुळणारे रक्त प्रथम तिच्या सख्ख्या भावंडांत शोधावे. प्रत्येक भावंडात ते असण्याची शक्यता चारात एक तरी असते. लांबच्या शहरातील अनोळखी दात्यापेक्षा हे जवळचे. शस्त्रक्रिया आधी ठरलेली असेल तर स्वतःचेच रक्त काढून ठेवण्याची सोयही डॉक्टरांच्या सल्ल्याने होऊ शकते. शिबिरात आपला गट 'ओ' म्हणून नोंदला गेला आणि पुढे रक्तपेढीतून 'जुळत नाही, पुन्हा या' असा निरोप आला, तर तो टाळू नये.

आरंभी ज्या पांढरेफटक पडणाऱ्या बाळाचा उल्लेख झाला, त्याच्या आजाराचे नाव थॅलेसेमिया. हिमोग्लोबिनचा एक भाग घडवणारे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते. त्याची एक प्रत सदोष व एक चांगली असेल, तर माणूस केवळ वाहक असतो. हिमोग्लोबिन थोडेसे कमी राहते, इतकेच; तो धंदा करतो, उपवास करतो, डोंगर चढून यात्रा करतो. याला वैद्यकात 'थॅलेसेमिया मायनर' म्हणतात. नाव मोठे दुर्दैवी आहे, कारण ऐकणाऱ्याला तो रोग वाटतो. तो रोग नव्हे. मात्र दोन्ही प्रती सदोष असलेल्या बालकाला 'मेजर' होतो आणि त्याला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. चढवलेल्या रक्तातील लोह हृदयात व यकृतात साचत जाते, म्हणून ते बाहेर काढण्याची औषधेही जन्मभर. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने तो बरा होऊ शकतो, पण त्यासाठी जुळणारा दाता आणि मोठा खर्च लागतो. शिबिरातील किती तरी पिशव्या या मुलांकडेच जातात.

भारतात सुमारे तीन ते चार टक्के लोक वाहक असल्याचे मानले जाते. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत हे प्रमाण बरेच अधिक आढळले आहे. जेथे विवाह शतकानुशतके आपल्याच वर्तुळात होत आले, तेथे दडलेला घटक त्याच वर्तुळात फिरत राहतो व दोन वाहक समोरासमोर येण्याची शक्यता वाढते. १९४९-५० च्या सुमारास मुंबईतील सांघवी व खानोलकर या संशोधकांनी शहरातील सहा अंतर्विवाही समाजांचे रक्तगट इत्यादी आनुवंशिक गुण तपासले होते. शेजारीशेजारी राहणाऱ्या, एकच भाषा बोलणाऱ्या समाजांतही जनुकांचे प्रमाण वेगवेगळे असल्याचे त्यांना आढळले. कोणी उच्च, कोणी नीच असा त्याचा अर्थ नाही. रोटी एकत्र झाली तरी बेटी वेगळी राहिली, एवढाच आहे. दक्षिण महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्नाची चाल आहे. सख्ख्या मामेभाऊ-बहिणींची सरासरीने एक-अष्टमांश जनुके सामाईक असतात. तेव्हा अशा घरांनी तर तपासणीत अधिकच जागरूक असावे.

असे सदोष जनुक इतक्या लोकांत टिकले तरी कसे? जे. बी. एस. हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४९ मध्ये सुचवले की वाहकांना मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळत असावे, आणि पुढील संशोधनाने त्याला बळकटी दिली. म्हणजे हिवतापाच्या प्रदेशात ज्याने पूर्वजांना वाचवले, तेच दोन बाजूंनी एकत्र आले की नातवंडांना ग्रासते. हे हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात येऊन स्थायिक झाले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले.

दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल निरोगी असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि मेजर असण्याची चारात एक. येथे हिशेबी माणसेही एक चूक करतात. पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन ठीक होणार, असे ती समजतात. ही बाकी पुढे ओढायची खतावणी नव्हे. प्रत्येक वेळी वही कोरी उघडते आणि शक्यता पुन्हा तेवढीच राहते. एक वाहक व एक निर्दोष असेल, तर मात्र त्या जोडप्याला थॅलेसेमिया मेजरचे मूल होण्याची भीती राहत नाही. अपत्यांपैकी कोणी वाहक निघेल, एवढेच.

म्हणून वाहक मुलीचे लग्न अडण्याचे कारण नाही. प्रत्यक्षात मात्र अहवाल हाती येताच ठरलेली सोयरीक मुलीच्या बाजूने मोडल्याची उदाहरणे कानी येतात, आणि मुलाचा अहवाल कोणी मागितलेलाच नसतो. ही अर्धी तपासणी होय, आणि अर्धवट तपासणी अन्यायाची असते. याला उपाय असा की कुंकवाच्या बोलणीपर्यंत थांबूच नये. महाविद्यालयात असतानाच मुलामुलींनी एकदा रक्त तपासून घ्यावे. साध्या रक्तगणनेत तांबड्या पेशींचा आकार लहान आढळला, तर एचपीएलसी पद्धतीने हिमोग्लोबिनचा प्रकार तपासतात. त्यात 'ए-टू' हा प्रकार साडेतीन टक्क्यांहून अधिक निघाल्यास व्यक्ती वाहक असण्याची दाट शक्यता असते. याच तपासणीत सिकलसेलचा घटकही कळतो, आणि तेही महत्त्वाचे, कारण एकीकडे थॅलेसेमियाचा व दुसरीकडे सिकलसेलचा वाहक असला तरी अपत्याला गंभीर आजार होऊ शकतो. विदर्भात सिकलसेल पुष्कळ आहे. केंद्र शासनाने २०२३ पासून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम हाती घेतली आहे. आणखी एक व्यवहारातील सूचना: वाहकाचे हिमोग्लोबिन कमी दिसते म्हणून वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या देत राहतात, शरीरात लोह खरोखरच कमी आहे का, हे आधी तपासावे.

भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटावर साधारण सात माणसांत एक वाहक होता. तेथे १९७० च्या दशकात तपासणीची चळवळ सुरू झाली आणि तेथील चर्चने विवाहापूर्वी तपासणीचा दाखला आवश्यक केला. दाखल्यावर लग्नास मनाई नव्हती. निर्णय त्या दोघांचाच होता. बहुतेकांनी ठरलेले लग्न मोडले नाही, गरोदरपणी गर्भाची तपासणी करून घेतली. काही वर्षांतच तेथे थॅलेसेमिया मेजरची नवी बालके जन्माला येणे जवळजवळ थांबले. गर्भतपासणीनंतरचा निर्णय हा अहिंसेचे संस्कार असलेल्या घरात फार जड जाणारा असतो, त्यावर कोणी बाहेरून मत देऊ नये. परंतु म्हणूनच त्या वळणाआधी, सोयरीक जुळवण्याच्याही आधी, केलेली तपासणी अधिक मोलाची ठरते.

पत्रिका जुळवताना छत्तीस गुण पाहतात. त्याच कागदाबरोबर दोघांचेही रक्ताचे अहवाल, मुलाचा आधी आणि मुलीचा मागाहून, एका लिफाफ्यात ठेवता येतील. वधूवर परिचय मेळाव्याच्या अर्जात त्यासाठी एक ओळ वाढवणे विश्वस्त मंडळाच्या हातचे आहे; मात्र त्या ओळीतील उत्तर पुस्तिकेत छापू नये, संबंधित दोन कुटुंबांपुरतेच ते राहावे.